घरात हल्ली फार शांतता आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी हौसेनं लिहीत नाहीये. डॉक्टरांनी दोन गोळ्या, कमी मीठ, रोजचं चालणं आणि ही वही असं सगळं एकाच चिठ्ठीवर लिहून दिलंय. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अनोळखी माणसाला सांगतोय असं लिहा, म्हणजे मन मोकळं होतं." माझं मन मोकळंच असतं, ते तीन मजल्यांवर ऐकू जातं. पण सांगितलंय तर करायचं.

तर अनोळखी माणसा, ऐक. मी चोपन्न वर्षांची. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातलं धुलाईघर एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. रोजच्या हजारभर चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे. वर माणसं बरी होतात की नाही ते डॉक्टर बघतात. स्वच्छ चादरीवर होतात, ते मी बघते.

मागच्या गुरुवारी रोलर इस्त्री बंद पडली. ओल्या चादरींचे ढीग छातीपर्यंत आलेले, वरून फोनवर फोन, आणि मेकॅनिक नुसता म्हणतो, "बघतो." मी त्याला बघण्याचे प्रकार समजावून सांगत होते, तेवढ्यात समोरची भिंत माझ्याकडे चालत आली. डोळे उघडले तेव्हा घडीवाली माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि मेकॅनिक रडत होता. घडीवाली म्हणजे माझ्या हाताखालची बाई. चादर हातात आली की तिची चार सेकंदांत घडी करते, म्हणून हे नाव.

दाब एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा. डॉक्टरबाईंनी माझ्या लेकीला बाजूला घेतलं आणि मला ऐकू येईल अशा बेतानं सांगितलं, "घरात यांना कसलाही ताण देऊ नका. काहीही म्हणजे काहीही."

लेकीनं मान डोलावली. मला वाटलं, चला, निदान एकदा तरी या घरात कुणी माझी बाजू घेतली.

५ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांसाठी दर बुधवारी ताण कमी करायचा वर्ग असतो. शिकवणाऱ्या बाई इतक्या सावकाश बोलतात की एका वाक्यात माझे चार अभ्रे इस्त्री होतील. मी त्यांचं नाव हळूबाई ठेवलंय. (मनात. ओठ हलले नाहीत.)

आज आम्ही दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजला. मी चौऱ्याण्णव मोजले. शेजारी हिशेब विभागातले गृहस्थ होते, त्यांचे फक्त साठ झाले. मी हळूबाईंना माझा आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, "कमी असलेले चांगले." हे आधी सांगायला नको का?

घरचा अभ्यास असा: रोज संध्याकाळी अर्धा तास मौन. 'लवकर' हा शब्द बंद. आणि कुणी काही बोललं तर उत्तर देण्याआधी तीन श्वास.

या वर्गात मी पहिली येणार.

९ फेब्रुवारी, रविवार

घरच्यांना सगळं नीट समजावलं. माझं मौन म्हणजे सगळ्यांचं मौन, नाहीतर त्याला काय अर्थ? वेळ साडेसहा ते सात. तक्ता करून फ्रिजवर लावलाय.

घरात आम्ही चौघं. हे, म्हणजे माझे मिस्टर. शाळेत भूगोल शिकवतात. तीस वर्षांत माझ्यावर एकदाही आवाज चढवलेला नाही. माझाच दोघांना पुरतो. सासूबाई ब्याऐंशीच्या, कान तिखट आणि जीभ त्याहून. लेक सव्वीस वर्षांची, एका मोठ्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते.

पहिल्या दिवशी सासूबाई अकराव्या मिनिटाला म्हणाल्या, "संपलं का गं? मला एक सांगायचं होतं, ते विसरायला होतंय." लेक सतराव्या मिनिटाला फिसकन हसली. फक्त हे शेवटपर्यंत गप्प. सात वाजून गेले तरी गप्प. मी म्हटलं, "अहो, संपलं." तर नुसते हसले आणि घोटभर कोमट पाणी प्यायले.

शिकण्यासारखं आहे. मुळातच संयमी माणूस.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दाब एकशे चौसष्ट, खालचा शंभर. उतरतोय!

काल यांना शाळेत जादा तास होता, घरी यायला उशीर झाला. एरवी मी विचारलं असतं, भूगोलात एवढं जादा काय निघालं, डोंगर वाढले का? पण तीन श्वास घेतले आणि विचारलंच नाही. यांच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू आलं. माझी प्रगती त्यांनाही दिसत असणार.

आता दर मंगळवारी जादा तास आहे म्हणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

यांचा आवाज बसलाय. दरवर्षी शाळेच्या स्पर्धांच्या वेळी बसतो, पन्नास पोरांपुढे ओरडून दुसरं काय होणार? यंदा स्पर्धा संपून महिना झाला, पण वयही झालंय. मी म्हटलं, "मिठाच्या गुळण्या करा." मान हलवून हो म्हणाले. हल्ली मी काही सांगितलं की लगेच हो म्हणतात. पूर्वी 'बघू' म्हणायचे.

२३ फेब्रुवारी, रविवार

मला सगळं कळलंय, पण मी दाखवणार नाही.

आज भाजी निवडायला स्वयंपाकघरात गेले तर लेक आणि सासूबाई कुजबुजत होत्या. मला बघून लेकीनं एक निळी फाइल पाठीमागे लपवली. सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "हो हो, हवा चांगली आहे आज!" हवेबद्दल सासूबाईंनी आजवर एकही बरा शब्द काढलेला नाही.

परवा लेक गॅलरीत फोनवर बोलत होती, "नाही, आईला यातलं काही माहीत नाही. नाही, कळू द्यायचंच नाहीये." डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली, ऑफिसात जागरणं होतात.

बावीस मार्चला आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात. ही मंडळी मला चकित करायचा बेत आखताहेत! फाइल, फोन, कुजबूज, सगळं जुळतं. वेडी कुठली. डोळे लाल होईस्तोवर मेहनत कशाला घ्यायची?

आरशासमोर उभं राहून दोनदा चकित होऊन बघितलं. पहिला प्रयत्न दचकल्यासारखा झाला. दुसरा बरा होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज फार समाधानाचा दिवस. वर्ग संपल्यावर खाली गाड्यांपाशी गेले तर हळूबाईंच्या स्कूटरपुढे कुणीतरी मोटार आडवी लावून ठेवलेली. हळूबाई त्या मोटारीच्या टपावर थापा मारत इतक्या भरभर बोलत होत्या की निम्मे शब्द मला लागलेच नाहीत. जे लागले ते वहीत लिहिण्यासारखे नाहीत.

मला बघून थांबल्या. मी जवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हटलं, "तीन श्वास."

घरी येऊन यांना सांगितलं. हे पोट धरून हसले, पण हसण्याचा आवाज आलाच नाही, नुसते खांदे हलले. मग खोकला आला. बराच वेळ आला. लेक पाणी घेऊन धावली. एवढी धावण्यासारखी गोष्ट नव्हती.

५ मार्च, बुधवार

दाब एकशे पन्नास, खालचा चौऱ्याण्णव. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या चांगल्या लागू पडल्यात."

इथे खरं लिहायला हरकत नाही. गेले दहा दिवस मी सकाळची गोळी अर्धीच घेते. सगळं श्रेय गोळीला गेलं तर माझ्या मेहनतीचं काय? दाब माझ्या शांतपणानं उतरला पाहिजे. घरात कुणाला सांगितलेलं नाही, उगाच काळजी करतील.

घर मात्र खरंच बदललंय. लेक उलटून बोलत नाही. सासूबाई माझ्या हातचं अळणी जेवण मुकाट्यानं जेवतात. हे तर जवळजवळ बोलतच नाहीत. काही हवं असलं की कागदाच्या कपट्यावर लिहून पुढे करतात. 'चहा?' 'किल्ली कुठे?' काल लिहिलं होतं, 'तू दमलीस का?' तो कपटा मी या वहीत ठेवलाय. माणूस शांत झाला की आजूबाजूचेही होतात, असं हळूबाई म्हणाल्या होत्या. मला खरं वाटलं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

बाजारात यांच्या शाळेतली एक मुलगी भेटली. म्हणाली, "बाई, सरांचा माइक मस्त आहे! मागच्या बाकावर पण ऐकू येतं." शाळेनं शिक्षकांना माइक दिलेले दिसतात. बरं झालं, उशिरा का होईना सुचलं.

हे संध्याकाळी जादा तासाहून आले ते थेट माझ्याजवळ येऊन बसले. माझा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. साडेसहा वाजले, मौन सुरू झालं, सात वाजले, तरी सोडला नाही. तीस वर्षांत असं बसलोय का? गरम होतंय तरी गळ्याला मफलर. मी काढायला गेले तर हात धरला.

मला जरा लाजल्यासारखंच झालं.

१८ मार्च, मंगळवार

कसं लिहू?

कपडे वर नेणारा माणूस आज आला नाही. तिसऱ्या मजल्यावरून गाऊनसाठी तीनदा फोन आला. मी घडीवालीला म्हटलं, मीच नेते. ती एकदम आडवी आली. "ताई, तुम्ही नका जाऊ, मी जाते की." मी म्हटलं, "तू इस्त्रीवर थांब." तर म्हणाली, "ताई, तुमचा दाब." मी म्हटलं, "माझा दाब लिफ्टनं जाणार आहे, जिन्यानं नाही."

लिफ्टमननं मला बघितलं आणि म्हणाला, "तिसरा मजला बंद आहे आज." मजला कसा बंद असेल? मीच बटण दाबलं.

मी या इमारतीत एकोणीस वर्षं आहे आणि तळघराच्या वर पाच-सहा वेळाच गेले असेन. दारावर पाटी होती, कान-नाक-घसा. बाहेर लांब बाकं. कोपऱ्यातल्या बाकावर एक माणूस पेशंटचा गाऊन घालून बसला होता. आधी मला गाऊनच दिसला. खिशाजवळ निळा टाका, म्हणजे आमच्याकडे दुरुस्त झालेला. नाड्या पाठीमागे बांधायच्या, तर यानं उलटा घालून पुढे गाठ मारलेली. मी मनात म्हटलं, काय वेंधळा माणूस आहे. मग चेहरा बघितला.

लेक शेजारी बसली होती. मांडीवर ती निळी फाइल.

मी ढकलगाडी सोडली. ती आपली घरंगळत भिंतीला जाऊन लागली. लेक उभी राहिली, "आई, आई, तू आधी बस, श्वास घे," असं काहीतरी म्हणाली. यांनी तोंड उघडलं, त्यातून शब्द आला नाही, नुसती हवा आली. तेव्हा मला कळलं, की हा आवाज बसलेला नाही. हा आवाज गेलाय.

मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "नाड्या मागे बांधायच्या असतात."

यांना उभं केलं, गाऊन काढून नीट घातला, मागून तिन्ही नाड्या बांधल्या. दोनदा गाठ सुटली. हे मुलासारखे पाठ करून उभे होते. यांच्या मानेवर घाम होता.

मग लेकीनं सांगितलं. स्वरतंतूवर गाठ आहे, जानेवारीत कळलं. मी पडले त्याच्या दोन दिवस आधी. आज भूल देऊन तिचा तुकडा काढायचा होता, तपासायला पाठवायचा होता. कसली गाठ आहे, ते दहा दिवसांनी कळणार.

यांना आत नेलं. पाऊण तास लागला. मी एकही श्वास मोजला नाही. समोर घोंगडी पडली होती तिची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. लेक म्हणाली, "आई, पुरे." मी म्हटलं, "कोपरे जुळत नाहीयेत."

१९ मार्च, बुधवार

वर्गाला गेले नाही. कामावर गेले आणि घडीवालीला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती रडायला लागली. लिफ्टमनला माहीत होतं. तो यांना दर मंगळवारी मागच्या लिफ्टनं नेत असे, हे मला दिसू नयेत म्हणून. तिसऱ्या मजल्याच्या सिस्टरला माहीत होतं. माझ्या दाबाच्या डॉक्टरबाईंनाही. यांच्या शाळेला माहीत होतं. माइक शाळेनं दिलेला नव्हता, लेकीनं आणला होता. सगळ्या जगाला माहीत होतं, एक मी सोडून. आणि मी आरशासमोर चकित व्हायचा सराव करत होते!

घरी येऊन जे बोलायचं ते बोलले. तीन श्वास वगैरे काही नाही. "मी कोण आहे या घरात? मोलकरीण तरी बरी, तिला निदान सांगतात, आज साहेब आजारी आहेत, आवाज करू नको!"

लेक म्हणाली, "आई, तू ओरडशील म्हणून नाही गं लपवलं. तू पुन्हा पडशील म्हणून."

सासूबाई म्हणाल्या, "मी तर तू ओरडशील म्हणूनच लपवलं."

यांनी कपटा पुढे केला. लिहिलं होतं, 'दोन्ही.'

मी तो फाडला. मग चिकटपट्टी शोधत बसले.

२० मार्च, गुरुवार

मागची पानं वाचली. एवढं मूर्ख लिखाण मी दुसऱ्या कुणाचं वाचलं नसतं. तो कपटा, 'तू दमलीस का?' गाठ आहे हे माहीत असलेल्या माणसानं लिहिलेला. दीड महिना. दीड महिना हा माणूस एकटा तिसऱ्या मजल्यावर जाऊन येत होता आणि घरी आल्यावर मी त्याला फ्रिजवरचा तक्ता दाखवत होते.

तक्ता काढून टाकला. साडेसहाला काय करायचं ते कुणालाच सुचेना. सासूबाईंनी रेडिओ लावला.

२२ मार्च, शनिवार

तीस वर्षं झाली. चकित करायला कुणी काही आणलं नव्हतं, आणि आणायला हवं होतं असंही वाटलं नाही.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "आता एकदाच बसू या. माझ्यापासून जे जे लपवलंय ते आजच्या आज बाहेर काढा. मी खुर्चीत बसलेय, पडले तर खुर्चीतच पडेन."

मग लेक म्हणाली, "मी नोकरी सोडली."

"कधी?"

"डिसेंबरात."

"मग रोज सकाळी डबा घेऊन जातेस कुठे?"

"एका सुताराकडे. लाकडाचं काम शिकतेय. कागदावर इमारती काढून काढून हाताला काही लागतच नव्हतं, आई. आता लागतं." तिनं तळवा दाखवला. बोटाला पट्टी होती. ती मी पंधरा दिवसांपूर्वी पाहिली होती, आणि कागदानं कापलं या थापेवर विश्वास ठेवला होता.

मी तीन श्वास घेतले. मुद्दाम नाही, आपोआप. मग म्हटलं, "सुतार माणूस बरा आहे का?"

"बाई आहे ती."

"मग प्रश्नच मिटला. आई, तुम्ही?"

सासूबाई म्हणाल्या, "माझं काय असणार बाई, ब्याऐंशीव्या वर्षी." मग जरा वेळानं, "न्हाणीघरात दोनदा पडले. लागलं नाही फार. आणि त्या हाडांच्या गोळ्या मी घेत नाही, पोट फुगतं. कुंडीत टाकते."

ती कुंडी हल्ली एवढी का माजलीय ते आत्ता कळलं. (गोळ्यांनी झाडं माजतात की नाही मला माहीत नाही, पण ही माजलीय.)

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी काय लपवणार?" आणि मग सांगितलं, अर्ध्या गोळीचं. लेक ताडकन उठली. "आई! तुझ्या दाबापायी आम्ही बाथरूममध्ये जाऊन रडायचो आणि तू गोळीच..." मला पहिल्यांदाच कळलं, दुसऱ्यानं ओरडलेलं ऐकायला कसं वाटतं. वाईट नाही वाटत. आपण कुणाचे तरी आहोत असं वाटतं.

शेवटी हे राहिले. कपटा घेतला, पेन्सिल बराच वेळ हातात धरून ठेवली. मग दोनच शब्द लिहून माझ्याकडे सरकवले.

'भीती वाटते.'

मी यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "मलाही." सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "चहा करा कुणीतरी, नुसते बसलेत."

२६ मार्च, बुधवार

पुन्हा वर्गाला गेले. हळूबाईंना म्हटलं, "तुमच्या शांततेनं माझं घर बुडवलं होतं." सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं मध्ये 'हंऽऽ' केलं नाही. नंतर म्हणाल्या, "माझ्या घरी पण मला कुणी काही सांगत नाही. म्हणतात, तू लगेच श्वास घ्यायला लावतेस."

दोघी हसत सुटलो. हिशेब विभागाचे गृहस्थ डोळे उघडून बघायला लागले. त्यांचे श्वास बिघडले.

२७ मार्च, गुरुवार

कॅन्सर नाही.

पुन्हा लिहिते, मला लिहायला आवडतंय. कॅन्सर नाही. साधी गाठ आहे, शिकवून शिकवून आलेली. काढावी लागेल. नंतर दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

डॉक्टर सांगत होते तेव्हा मी यांचा हात घट्ट धरला होता. नंतर बघितलं तर बोटं पांढरी पडली होती. यांची.

खाली येऊन घडीवालीला सांगितलं. तिनं हातातली चादर फेकली आणि मला मिठी मारली. ती चादर पुन्हा धुवायला टाकावी लागली. लिफ्टमन दिवसभर मला प्रत्येक मजल्यावर नेऊन आणत होता, मला कुठेच जायचं नव्हतं तरी.

१ एप्रिल, मंगळवार

ऑपरेशन झालं. गाऊन मी स्वतः निवडून नेला, नवा, कडक इस्त्रीचा. नाड्या मागे.

आज गोळी पूर्ण घेतली. कालही.

६ एप्रिल, रविवार

हे बोलत नाहीत म्हणून घरात सगळेच कुजबुजायला लागलोत. कुणी ठरवलेलं नाही. लेक स्वयंपाकघरातून माझ्या कानाशी येऊन हळूच विचारते, "भात लावू?" सासूबाई रेडिओला कान लावून बसतात. परवा दूधवाला आला तर मी त्यालासुद्धा कुजबुजत म्हटलं, "एक लिटर." तोही कुजबुजत म्हणाला, "बरं."

हे आमच्याकडे वैतागून बघतात. काय झालं विचारलं तर हात झटकतात. लिहून दाखवा म्हटलं तर पेन्सिल भिरकावतात. इतकी वर्षं मी समजत होते, हा माणूस चिडतच नाही. बोलता येत होतं म्हणून चिडत नव्हता बहुतेक.

१५ एप्रिल, मंगळवार

आज तपासायला गेलो. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं, खूश झाले. आता थोडं थोडं बोलायला परवानगी आहे. पहिल्या दिवशी दहा वाक्यं. कुजबुजायचं नाही, त्यानं तंतूंवर ताण येतो. साध्या, हलक्या आवाजात बोलायचं.

मला वाटलं तिथेच काहीतरी बोलतील. नाही. रस्ताभर गप्प. घरी आल्यावर खुर्चीत बसले, सगळ्यांना समोर बसवलं. लेक कागद-पेन्सिल घेऊन वाक्यं मोजायला बसली.

पहिलं वाक्य सासूबाईंना. "आई, न्हाणीघरात दांडा बसवतोय, धरून चालायचं." आवाज खरखरीत, जाडसर, थोडा अनोळखी. पण यांचाच. सासूबाई कितीतरी वेळ नुसत्या यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

दुसरं लेकीला. "दांडा तू बसवायचास." तिनं कागदावर दोन रेघा ओढल्या आणि दुसरी वाकडी गेली.

तिसरं, चौथं, पाचवं शाळेबद्दल, नकाशांबद्दल. सहावं, "भाजीत मीठ घाला जरा, तिचा दाब आहे, माझा नाही."

मग माझ्याकडे वळले. "तू का कुजबुजतेस?"

मी कुजबुजत म्हटलं, "सवय लागली."

"घसा माझा बिघडलाय, तुझा नाही." हे आठवं. "जानेवारीपासून या घरात मला घरी आल्यासारखं वाटलेलं नाही." हे नववं, आणि ते बोलताना आवाज मध्येच तुटला. आधीचा घसा असता तरी तुटला असता.

लेक म्हणाली, "बाबा, एक उरलंय."

यांनी मान हलवली. माझ्याकडे बोट दाखवलं आणि लेकीला खूण केली, ते हिला दे.

मला हसायला आलं आणि रडायलाही. तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. ताटं घेतली, पाणी भरलं. मग दारात उभी राहून, दोन महिन्यांत ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यानं ओरडले, "जेवायला या लवकर, गार होतंय सगळं, का वेगळं आमंत्रण पाठवू?"

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. हे खांदे हलवत हसत होते, लेक यांच्या तोंडावर हात ठेवून "बाबा, हसायचं नाही, हसायचं नाही" करत होती. समोरच्या घराचं दार उघडलं आणि शेजारच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या विचारायला आल्या, "काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

सासूबाई ताटावर बसता बसता म्हणाल्या, "हो हो. आता आहे."